थोरलीच्या मागून

"पाय पुढे घालायचा नाही," धाकटा दीर म्हणाला. "काही झालं तरी. हात गेला तर जाऊ दे, पाय नाही."

"हात गेलेला चालतो होय?"

"हात दोन असतात, वहिनी."

"पायही दोनच असतात, भावजी."

"असतात खरे," तो म्हणाला आणि खाटेवर पसरलेल्या आपल्याच प्लास्टरकडे बघत राहिला. जणू ते कुणा पाहुण्याचं सामान होतं आणि पाहुणा न्यायला विसरला होता.

वहिनीने जीभ चावली. तिच्या मांडीवर ठोकळा होता. जुन्या बुंध्याचा, पाचरीसारखा उतरता कापलेला, त्याला हातभर लांब दांडा. हा ठोकळा घेऊन चढणीवर ट्रकच्या मागे चालायचं. इंजिनाचा दम संपला, गाडी थबकली, की मागच्या डाव्या चाकाखाली तो सारायचा. गाडी त्याच्यावर टेकते, ड्रायव्हर श्वास घेतो, पुन्हा जोर करतो. काम एवढंच. आजवर ते धाकट्याचं होतं.

पावसाळ्यात नदीने पूल नेला आणि पुलासोबत डांबरी रस्ताही. वरच्या वाडीचा बटाटा गोदामात पडून होता, तिथलं पीठमीठ संपत आलं होतं तेही खालून नेऊन द्यायचं होतं, आणि वाट उरली होती एकच: लाकूडतोड्यांनी कधीकाळी पाडलेली, दगडगोट्यांची, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी. बाकीच्या ट्रकवाल्यांनी ती वाट बघितली आणि "आमची गाडी नवी आहे" म्हणून मागे फिरले. वहिनीच्या नवऱ्याची, दादाची, गाडी नवी नव्हती, त्यामुळे त्याला तीही सबब नव्हती. शेत नाही, दुकान नाही. घर होतं ते त्या लोखंडाच्या चार भिंतींवर.

ट्रक या घरात वहिनीच्या आधी आला होता. म्हणून सासू ट्रकला थोरली म्हणायची आणि सुनेला धाकटी. "थोरलीला पाणी पाजलं का? धाकटी जेवली का?" अशी दोघींची चौकशी एका दमात व्हायची. वहिनीला आधी राग यायचा. मग सवय झाली. सवतीचा मत्सर करावा तर ती निदान बोलणारी तरी हवी.

त्या वाटेवर एक जागा होती, तिला सगळे पायरी म्हणत. अख्खा खडक वाटेत आडवा आलेला, गुडघ्याएवढा उंच, आणि त्याच्या अलीकडे दरीच्या अंगाला खळगा. तिथेच धाकट्याचा पाय गेला. खडक ओला होता, ठोकळा सरकायला लागला, त्याने तो पायाने दाबून धरला. दादाला वाटलं भावाने हाक दिली, त्याने गाडी मागे सोडली. भावाला वाटलं दादा थांबलाय. दोघांत मिळून एक हाक कमी पडली.

त्यानंतर दादा या विषयावर काहीच बोलला नव्हता. फक्त जेवताना त्याचा उजवा पाय ताटाशेजारी आपोआप दाबला जायचा, जणू जमिनीत ब्रेक होता. वहिनी ते बघायची आणि भाकरी वाढायची.

"मी येते मागे," तीच म्हणाली होती.

"वेडी आहेस का?"

"दुसरा कोण येतोय? विचारलंत ना सगळ्यांना?"

विचारलं होतं. सगळ्यांनी धाकट्याच्या पायाची चौकशी केली होती, अगदी मायेने, आणि घरात निघून गेले होते.

पहिल्या खेपेला नाक्यावर चहा पिणाऱ्यांनी तिला ठोकळा खांद्यावर घेऊन चालताना बघितलं.

"काय दादा, बायकोला क्लीनर केलं? पगार काय देतोस?"

दादाने मान खाली घातली. वहिनीच बोलली, "जेवायला घालतात. तेही मीच रांधते."

ते हसले. तिलाही हसू आलं, पण ते ओठापर्यंत येऊन वाळलं, कारण पुढे चढण होती.

चढणीच्या तोंडाशी दादाने चारी बाजूंनी फिरून टायरांची हवा थोडी थोडी सोडली. फुगलेला टायर दगडावरून उडतो, सैल टायर दगडाला मिठी मारतो, असं तो म्हणायचा. मग तो वर चढून बसला आणि थोरली निघाली. वहिनीने धाकट्याने सांगितलं तसं केलं: धुराकडे बघायचं नाही, दरीकडे बघायचं नाही, चाकाकडे बघायचं. चाक फिरतंय तोवर चालायचं. थांबलं की वाकायचं. एका वळणावर ती वाकली, ठोकळा सारला, आणि एवढं मोठं वजन त्या लाकडावर कुरकुरत टेकलं. दांड्यातून ते तिच्या तळहातात आलं, दातांत आलं. लाकूड फुटलं तर, हा विचार तिने केला नाही. विचारानेच तिला गाठलं. घामाने पाठ भिजवून टाकली.

आणि मग पायरीवर थोरली कलली. पुढची चाकं खडक चढून गेली, मागचं उजवं चाक खळग्यात उतरलं, आणि सगळा हौदा दरीकडे झुकला. इतका, की वहिनीला त्याच्या पलीकडचं आभाळ दिसलं. पिठाची पोती घसरून फाळक्यावर आदळली. मागचे पाटे, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ती कमान, म्हातारीच्या सांध्यांसारखे करकरले. ती किंचाळली. गाडी डुलली, सावरली, वर गेली. किंचाळी मात्र खालीच राहिली.

रात्री ती जेवली नाही.

"ती तशीच चालते," दादा म्हणाला. "नेहमीच कलते तिथे."

"तुम्ही आत बसून म्हणता. मी बाहेरून बघितलंय. तिला सरळ उभी करा, नाहीतर मी येणार नाही."

"सरळ म्हणजे?"

"म्हणजे सरळ! माणसासारखी!"

त्याच्या तोंडावर सुटका दिसली. घाबरलेल्या माणसाला हातात पाना मिळाला की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो फिटरकडे गेला आणि मागच्या दोन्ही कमानींत जास्तीचे जाड पाटे भरून आला. फिटर खूश होता. "आता हत्ती बसवा, दबणार नाही," म्हणाला. वहिनीने हौद्याच्या कोपऱ्याला लटकून बघितलं. थोरली हललीही नाही. तिने तिच्या पत्र्यावर थाप मारली. म्हटलं, आता कशी शहाण्यासारखी वागतेस.

धाकट्याने अंगणातून ट्रक आत येताना बघितला. उंबरठ्याच्या दगडावरून तो टणकन उडाला.

"चालत नाही आता, उड्या मारते," तो म्हणाला. पण हल्ली तो सगळ्यालाच नावं ठेवायचा, म्हणून कुणी कान दिला नाही. सासू म्हणाली, "म्हातारपणी पाठ ताठ झाली की समजावं, दुखणं आहे." तिच्याही बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण ती स्वतःच्या पाठीबद्दल बोलतेय असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या खेपेला सकाळपासून भुरभुर पाऊस होता. हौद्यात थोडंच सामान होतं, पीठ, मीठ, रॉकेलचे डबे. थोरली ताठ मानेने चढत होती. वळणावर कलली नाही, खड्ड्यावर झुकली नाही. वहिनी मागून चालताना पहिल्यांदाच दरीकडे एक नजर टाकून आली. खाली ढग होते. बरंच झालं, तिला वाटलं, तळ दिसत नाही.

पायरी आली. पुढची चाकं वर गेली. डावं मागचं चाक खडकाला भिडलं. उजवं चाक खळग्यावर आलं, पण ताठ पाटे दबलेच नाहीत आणि ते खळग्यात उतरलंच नाही. तिथेच राहिलं, हवेत. खाली वीतभर पोकळी. थोरली सरळ उभी होती, अगदी माणसासारखी, आणि तिचं एक पाऊल अधांतरी होतं.

दादाने जोर केला. हवेतलं चाक गरगरा फिरायला लागलं. जमिनीवरचं डावं चाक हललंच नाही. सगळं बळ ते रिकामं चाक पळवून नेत होतं. चिखलाचे शिंतोडे वहिनीच्या तोंडावर आले. क्लच जळाल्याचा वास आला, गोडसर, किळसवाणा. तिने डाव्या चाकाखाली ठोकळा सारला आणि ओरडली, "थांबा! बस करा!"

इंजिनाचा आवाज उतरला.

"अहो, चाक लटकलंय! जरा मागे घ्या, म्हणजे टेकेल!"

"नाही."

"काय नाही?"

"मागे नाही घेणार. तू मागे आहेस."

"मग कुठे असू? ठोकळा मागेच लावतात!"

"आधी वर जा. डोंगराच्या कपारीत उभी राहा. मग घेतो."

"मी कपारीत जाते, आणि ठोकळा कोण धरणार? तुमची थोरली?"

त्याने पुन्हा जोर केला, पुढेच. चाक पुन्हा रिकामं फिरलं. आणि मग थोरली हलली. पुढे नाही, मागे नाही, आडवी. ओल्या खडकावरून तिची मागची बाजू चार बोटं दरीकडे सरकली. काही खडे सुटले. वहिनी ते खाली पडल्याचा आवाज ऐकायला थांबली. आवाज आला नाही.

तिने फाळक्याला धरलं आणि लगेच हात काढला, आपल्या धरण्याने गाडी जाईल असं वाटून.

"उतरा!" ती ओरडली. "उतरा तुम्ही खाली! जाऊ दे तिला!"

"उतरता येत नाही गं."

त्याचा आवाज इतका साधा होता, की तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचं दार दरीच्या अंगाला होतं. दार उघडलं तर खाली पाऊल ठेवायला ढग. दुसऱ्या दाराने यायचं तर ब्रेकवरचा पाय काढून गियरच्या दांड्यावरून पलीकडे सरकायचं, आणि हँडब्रेक तर नुसता नावाला होता. पाय निघाला की ती निघाली. तो तिथे पायाने बांधलेला होता.

"बरं," ती म्हणाली. "मग बसा तसेच. पाय काढू नका."

"पाय थरथरतोय."

"थरथरू दे. काढू नका."

ती दरीच्या अंगाने गेली. चालत नाही, बसत बसत, पाठ गाडीला घासत. चाकाशेजारी ओंजळभर जमीन होती. तिने डोंगराच्या बाजूने दगड आणायला सुरुवात केली. आडवे, चपटे, पोटाशी धरून. लटकलेल्या चाकाखाली एक एक रचायचा, वर लहान खपल्या ठोकायच्या. दर वेळी हात चाकाखाली घालताना ती डोळे मिटायची आणि काढताना उघडायची. नखं फुटली. पदर दातांत धरला होता, त्याला चिखलाची चव होती.

"तू चाकाखाली हात घालतेस!" वरून दादा किंचाळला. त्याच्या बाजूच्या आरशात ती दिसत होती. "बाहेर हो! बाहेर हो आधी!"

गाडीला त्याच्या पायाचा कंप आला. दगडावर दगड खटखटले.

"आरशात बघू नका!"

"मग कुठे बघू?"

"पुढे बघा! रस्ता पुढेच आहे ना?"

तो रडत होता की पाऊस होता, तिला कळलं नाही. ती वर बघत नव्हती.

दगड चाकाला लागले. पण लागून भागणार नव्हतं. असाच जोर केला असता तर चाकाने ते भिरकावून दिले असते. गाडी थोडी मागे यायला हवी होती, वजन घेऊन त्या दगडांवर बसायला हवी होती, आणि मग पुढे. म्हणजे डाव्या चाकामागचा ठोकळा काढून वीतभर मागे ठेवायचा. मधली जागा मोकळी. आणि ओल्या खडकावर ठोकळा नुसता राहणार नाही, तो कुणीतरी धरायला हवा.

ती डाव्या बाजूला आली. तिकडचा आरसा एका फांदीने कधीच नेला होता. त्या बाजूचं दादाला काही दिसत नव्हतं.

"अहो, आता ऐका. मी सांगितलं की ब्रेक सोडा. गाडी थोडी मागे येईल, ठोकळ्याला लागेल. लागली की पुढे घ्या. जोर एकदम नाही, हळू."

"तू कुठे असशील?"

ती ठोकळ्यामागे बसत होती. मागे एक धोंडा लावला होता, धोंड्याला गुडघा, दांड्याला दोन्ही हात. चाक तिच्या तोंडापासून इतकं जवळ होतं, की टायरच्या खाचेत रुतलेला खडा तिला दिसत होता.

"मी कपारीत आहे," ती म्हणाली.

"ठोकळा?"

"धोंड्याने पक्का केलाय."

"खरं सांग."

"खरंच."

"शपथ?"

"शपथ."

"कुणाची?"

पाऊस टपटपत होता. हौद्यात रॉकेलचा एक डबा हळूच घरंगळला आणि थांबला.

"तुमची," वहिनी म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने कधी त्याची शपथ घेतली नव्हती, खरीसुद्धा नाही. खोट्या शपथेचं माणूस जातं, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. ज्याची घेतली तो जातो की जो घेतो तो, ते मात्र आठवेना. तेवढा वेळही नव्हता.

"सोडा," ती म्हणाली.

चाक आलं. हळू आलं, कारण तो जेवढा हळू सोडू शकत होता तेवढा त्याने सोडला. पण ते एवढं वजन होतं, की हळू म्हणजेही भिंत येत होती. ठोकळा मागे ढकलला गेला, धोंडा तिच्या गुडघ्यात रुतला, तिने "पाय नाही, पाय नाही" असं मोठ्याने म्हटलं आणि अंगातलं सगळं दांड्यावर टाकलं. लाकूड कुरकुरलं. काहीतरी टरकन फाटलं, आणि क्षणभर तिला वाटलं ती स्वतःच.

चाक थांबलं.

पलीकडे दगड दबल्याचा दाट आवाज आला.

"घ्या!" ती ओरडली. "पुढे घ्या! घ्या!"

इंजिन गुरगुरलं. दोन्ही चाकं एकदम फिरली, एक दगड कडेला उडून ढगात गेला, आणि थोरली कण्हत, धक्के देत पायरी चढून गेली. वहिनी तिथेच बसून राहिली, दांडा हातात घट्ट, समोर चाक नसतानाही.

वर सपाटी होती. तिथे गाडी थांबवून दादा डाव्या दाराने उतरला आणि धावत खाली आला. आधी तो कपारीकडे बघत आला. कपार रिकामी होती. मग त्याला ती दिसली. तिच्या साडीचा घोळ कमरेपासून खालपर्यंत फाटलेला होता, आणि उरलेल्या कापडावर टायरची नक्षी उमटली होती, काळी, स्वच्छ, खाचेला खाच.

त्याने ती नक्षी बघितली. तिच्या बाजूला बसला, आणि मग त्याला ओकारी आली.

वरच्या वाडीत लोकांनी पीठ उतरवून घेतलं आणि उशीर का झाला म्हणून विचारलं. "वाटेत जरा शपथा घेत बसलो होतो," वहिनी म्हणाली. कुणाला काही कळलं नाही. एका बाईने तिला नेसायला पातळ दिलं आणि गुडघ्यावर बांधायला फडकं.

बटाटा चढवण्याआधी दादाने जॅक लावला. हौद्याखाली आडवा होऊन तो जास्तीचे पाटे काढायला लागला. वहिनी पाने देत बसली. बोल्ट गंजले नव्हते, नवेच होते, पण त्याचे हात घसरत होते.

"माझी खोटी शपथ घेतलीस," गाडीखालून आवाज आला.

"घेतली."

"मी मेलो असतो तर?"

"खरं बोलले असते तर मेला असतात."

पाटा सुटला आणि जमिनीवर पडून घणघणला.

"पुन्हा घेऊ नकोस."

"पुन्हा विचारू नका."

बटाट्याची पोती भरली, दोर आवळले, आणि थोरली खाली बसली. जुन्यासारखी, कमरेत सैल, जराशा धक्क्यालाही डुलणारी. वहिनीने कोपऱ्याला लटकून बघितलं नाही. तिला बघायचंच नव्हतं.

उतरताना ठोकळा पुढच्या चाकाला लावतात. म्हणजे गाडीच्या पुढे, डोंगराच्या अंगाने, उलट्या पावली चालायचं. चढताना ती त्याला दिसत नव्हती म्हणून तो भ्यायला होता. आता काचेतून ती त्याला दिसत होती, पायापासून डोक्यापर्यंत, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही आता तो दिसत होता. आज तिला पहिल्यांदा कळलं, की रोज या काचेमागे हा चेहरा असायचा.

पायरीशी पुढची चाकं दणकन उतरली. मागून भरलेला हौदा आला, आणि आता दरीच्या अंगाला आलेलं डावं चाक खळग्यात गेलं. थेट तळाला. मग थोरली कलली. पोती दरीकडे झुकली, दोर ताणून तारा झाले, पाटे करकरायला लागले. वहिनीच्या डोक्यावर ते सगळं ओझं तिरपं उभं राहिलं. पण चारी चाकं जमिनीवर होती. तिने वाकून एक एक बघितलं, मग ठोकळा चाकापासून वीतभर पुढे ठेवला, त्याच्यापुढे धोंडा लावला आणि दांडा धरून गुडघ्यावर बसली.

काचेआड दादाचे ओठ हलले. काहीतरी विचारायला उघडले असावेत. ते मिटले.

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि ब्रेकवरचा पाय उचलला.